डाव्या पोटरीचा बाण

आमच्या आळीत खोटं कुणी बोलत नाही. खरं मात्र सगळेच थोडी ताडी घालून मळतात. झाकून ठेवलं की सकाळपर्यंत ते फुगून पातेल्याबाहेर येतं, मग त्याचे पाव भाजायचे आणि घरोघर वाटायचे. नंदाखालच्या माहेरी ही कला मी शिकलेच होते. लग्न होऊन इथे आले तेव्हा फक्त भट्टी मोठी मिळाली.

आळीच्या टोकाला, बावखलाच्या म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याच्या काठी, माडांच्या सावलीत एक लहानसं चॅपेल आहे. त्यात आमचा शिपाई राहतो. त्याचं संतपणाचं लांबलचक नाव फक्त फादर घेतात, तेही मिस्साची प्रार्थना चालू असताना. बाकी सगळ्यांना तो शिपाईच. ख्रिस्ती धर्म अगदी कोवळा होता तेव्हा हा रोमच्या राजाच्या पदरी नोकरीला होता आणि राजाच्या चोरून प्रार्थना करायचा. राजाला कळलं. राजाने त्याला खांबाला बांधलं आणि त्याच्याच पलटणीतल्या पोरांना सांगितलं, मारा बाण. म्हणजे काल ज्यांच्याबरोबर एका ताटात जेवला, त्यांनीच नेम धरला.

मूर्ती फणसाच्या लाकडाची, कमरेएवढ्या उंचीची. हात मागे बांधलेले, मान एका खांद्यावर पडलेली, आणि अंगावर सात भोकं. ही मूर्ती इथे कशी आली याच्या माझ्याजवळ तीन गोष्टी आहेत, आणि पाहुणा बघून मी त्यातली एक काढते. मुंबईहून आलेल्याला सांगते, पोर्तुगीजांचं जहाज बुडालं तेव्हा हा अर्नाळ्याच्या किनाऱ्याला पोहत आला, मागून एक मुशी मासोळी त्याला नाकाने ढकलत होती. शेजारगावच्याला सांगते, फणसाच्या खोडात तो आधीपासूनच उभा होता, सुताराने नुसती साल सोलली. आणि फादर विचारतात तेव्हा सांगते, "ठाऊक नाही, फादर."

सात भोकांचे सात बाण वर्षभर मूर्तीत नसतात. आळीतल्या सात घरांकडे एकेक सांभाळायला दिलेला. जानेवारीत शिपायाचा सण येतो. त्याच्या आधी नऊ दिवस नोव्हेनाची प्रार्थना. नोव्हेनाच्या शेवटच्या संध्याकाळी प्रत्येक घरातली सगळ्यात मोठी बाई आपला बाण घेऊन चॅपेलात जाते आणि शिपायाच्या अंगात आपापल्या जागी बसवते. मग चार जण त्याला खांद्यावर घेतात आणि बँड लावून वाड्यांमधून मिरवणूक निघते. सण झाला की बाण उपटून परत घरी. बाण बसवणं हे बायकांचंच काम. सून-बिन चालत नाही, घरातली मोठी बाई चालती-फिरती असेपर्यंत तिनेच करायचं. आणि एखाद्या घराने एका वर्षी बाण बसवला नाही, तर तो बाण त्या घरातून उठतो आणि दुसऱ्या घरी जातो. बाणाविना एकही भोक राहता कामा नये, कारण शिपाई रोगराईला अडवणारा. रिकाम्या भोकातून पटकी आणि देवी आत शिरतात, असं जुनी माणसं सांगत.

आमच्या घराचा बाण डाव्या पोटरीचा. छातीचा बाण ज्यांच्याकडे, ती मंडळी आळीतून जरा ताठ चालत. पण आमचे सासरे म्हणायचे, "छातीत बाण लागला की कोणीही मरेल, त्यात काय मोठेपणा? पोटरीत लागला म्हणून तर बिचाऱ्याला पळता आलं नाही. म्हणजे त्याला संत केला तो आपल्या बाणाने!" सासरे गेले, पण हे वाक्य मी त्यांच्या नावावर अजून चालवते.

बाण वीतभराचा, शिसवी लाकडाचा, टोकाला पितळ. पत्र्याच्या डब्यात कापसावर निजलेला असायचा. त्याची मालकीण माझी सासू. तिला आम्ही सगळे आय म्हणत असू, आणि आमच्या घरात आयलाही 'तू'च, 'अहो-जाहो' फादरांसाठी राखून ठेवलेलं. लाल लुगडं, घट्ट कासोटा, डोक्यावर भाजीची पाटी, आणि आवाज? आय इकडे वाडीत खोकली की तिकडे वटार गावात कोंबड्या उठायच्या. गिरीजच्या बाजारात तिने एकदा "वांगीऽऽ" म्हटलं तर रस्त्यातली सायकल थांबली आणि सायकलवाल्याने वांगी न घेता पुढे जायची हिंमत केली नाही. हे मी पाहिलेलं आहे. सायकल मात्र पंक्चर होती, हे मी कुणाला सांगत नाही.

या बाणाकडे वर्षभर माणसं यायची. कुणाला काटा रुतलेला, कुणाला गळू, कुणाचा कोयता घसरून बोट कापलेलं. आय चॅपेलातल्या दिव्याचं खोबरेल जखमेला लावायची, हळद दाबायची, मग डब्यातून बाण काढून त्याचं पितळ जखमेला टेकवायची आणि तोंडातल्या तोंडात प्रार्थना म्हणायची. बरं वाटायचं लोकांना. पलीकडच्या वाडीतले हिंदू काका तर एकदा बैलाला घेऊन आले. जोखडाने त्याचा खांदा सोलला होता. चार दिवसांत बैल बरा झाला. मी सांगताना म्हणते की तो बैल त्यानंतर चॅपेलासमोरून जाताना मान वाकवायचा.

रविवारी मिस्सा झाली की मी आळीतल्या पोरांना धर्मशिक्षण द्यायची. माझा हुकमी विषय हुतात्मे. दहा आज्ञा शिकवताना पोरं बाकांखाली लपाछपी खेळायची, पण हुतात्मा आला की माशी हलत नसे. जाळीवर भाजला तो संत, "ही बाजू झाली, आता उलटा" असं जल्लादाला म्हणाला, ते मी माझ्या घरच्या तव्यावर पापलेट उलटून दाखवल्यासारखं सांगायची. सिंहांपुढे टाकलेले, डोळे काढलेली, दात पाडलेली, सगळे माझ्या वर्गात येऊन गेले. एकदा फादर दारात उभे राहून ऐकत होते. नंतर म्हणाले, "बाई, ग्रंथात दोन सिंह आहेत. तुमच्याकडे किती होते?"

"सतरा, फादर."

"बाकीचे पंधरा?"

"मागच्या बाकांपर्यंत पोचले पाहिजेत ना, फादर."

या वर्गाच्या खिडकीत बाहेरून कोपर टेकून उभा राहायचा तो माझा दीर. वय वर्षं बावीस. पोरांइतकाच रंगून ऐकायचा आणि मध्येच ओरडायचा, "वहिनी, अठरावा सिंह माझा!" मिरवणुकीत शिपायाला उचलणाऱ्या चौघांपैकी पुढचा डावा खांदा त्याचा. उंच होता, त्यामुळे शिपाई त्या बाजूने नेहमी जरा वर असायचा आणि मागचे तिघे शिव्या घालत चालायचे. आय त्याच्यावर जितकी ओरडायची तितकी जगात कुणावरच ओरडली नसेल, आणि त्याच्या ताटात मासळीचा मधला तुकडा न बोलता पडायचा.

आता पुढचं जे आहे त्यात ताडी नाही.

पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराला आमच्या वाडीत विजेचा पंप आला आणि जुना रहाट मोडायला काढला. लाकूड कुजलेलं, खिळे गंजलेले, सगळीकडे शेण-मातीचा चिखल. दीर वर चढून एकेक फळी सुटी करत होता आणि माझ्या नवऱ्याला खाली झेलायला देत होता. मोठं चाक सुटलं ते कलंडलं. त्याने उडी मारली, पण चाकाची कड त्याच्या पायावर आली आणि एक लांब खिळा पोटरीत शिरला. डाव्या पोटरीत. मी एरवी काय वाट्टेल ते सांगते, पण डावीच होती.

आय धावत आली. लुगड्याचा पदर तोंडात धरला, गुडघ्यावर त्याचा पाय घेतला आणि खिळा हाताने ओढून काढला. दीर ओरडला नाही. म्हणाला, "आय, आता मला पण चॅपेलात उभा कर. भोक पडलंय, बाण तुझ्याकडे आहेच." आयने त्याच्या डोक्यात टपली मारली. जखम विहिरीच्या पाण्याने धुतली, खोबरेल लावलं, हळद दाबली. मग घरात जाऊन डबा आणला.

माझा नवरा म्हणाला, "दवाखान्यात जाऊन सुई घेऊन ये."

"आयने दिली की आता," दीर म्हणाला, "लाकडाची."

"थट्टा नको. गंजलेला होता तो."

"उद्या जाईल," आय म्हणाली. "आज पंपवाला यायचाय."

दुसऱ्या दिवशी जखम कोरडी दिसली. सूज नाही, पू नाही. तिसऱ्या दिवशी तो शेजारच्या वाडीत केळीचे घड उतरवायला गेला. सुई राहून गेली. कुणी ठरवून राहू दिली नाही.

आठवडा उलटून गेला असेल. सकाळी मी त्याच्यापुढे चहा आणि पाव ठेवला. तो पाव तोंडाशी नेऊन थांबला.

"वहिनी, हा पाव आहे की रहाटाची फळी?"

"दात घरी विसरलास काय? आण जा, मग नरम देते."

त्याला हसू आलं. आणि तो हसला तेव्हा त्याचं तोंड उघडलं नाही. ओठ मागे गेले, दात दिसले, पण दोन्ही जबडे एकमेकांना चिकटलेलेच. तो हसायचा थांबला तरी चेहरा तसाच राहिला. मी अजून हसत होते.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठे काही लागलं होतं का?" आयने त्याच्या पायावरची चादर बाजूला केली. पोटरीवर एक छोटीशी गुलाबी खूण होती, नव्या कातडीची. जखम बरी झाली होती. ती अशी बरी झालेली बघून आयच्या तोंडावर एक क्षण जरा आशा आली, तेही मी पाहिलं.

"सुई घेतली होती?" डॉक्टरांनी विचारलं.

माझ्या नवऱ्याने आयकडे पाहिलं. मग आय म्हणाली, "मी बाण लावला होता."

डॉक्टर दुसऱ्या मुलखातला होता. त्याला वाटलं त्याला मराठी नीट कळलं नाही. त्याने आमच्याकडे बघितलं. आम्ही कोणी समजावून दिलं नाही.

धनुर्वाताच्या रोग्याला वेगळी खोली असते. खिडकीला काळा पडदा, दाराला चिंध्या बांधलेल्या, आपटू नये म्हणून. उजेड नको, आवाज नको. भांडं वाजलं तरी त्याचं अंग ताठ व्हायचं, पाठ खाटेवरून उचलली जायची. जिच्या आवाजाने सायकली थांबायच्या ती आय त्या खोलीत स्टुलावर बसून ओठ हलवत माळ जपायची. मण्याला मणी लागून आवाज होईल म्हणून एकेक मणी पदरात गुंडाळून पुढे सरकवायची. त्याला हाक मारायची सोय नव्हती. चौथ्या दिवशी दुपारी तो गेला. डॉक्टर म्हणाले, आता बोललं तरी चालेल. आयने तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. त्या दिवसानंतर तिचा तो आवाज परत आला नाही. बोलायची, पण शेजारी बसलेल्याला कान पुढे करावा लागे एवढंच.

त्याला पुरलं तेव्हा आळीतलं एकही घर मागे राहिलं नव्हतं. बैलवाले हिंदू काकाही कोपऱ्यात टोपी हातात घेऊन उभे होते. बाण लावून घ्यायला घरी येणारी माणसं थांबली. गळू झालं, काटा रुतला, तर लोक आमच्या दारावरून पुढे दवाखान्यात जायचे, आणि जाताना मान खाली घालायचे, जणू आमच्यावर रुसून दुसऱ्याकडे चाललेत. खरं तर जायलाच हवं होतं त्यांनी. आधीपासूनच जायला हवं होतं.

डिसेंबर संपला आणि सण जवळ आला. मला वाटलं होतं, आय रडेल, थरथरेल, पण बाण बसवेल. नोव्हेना सुरू झाली त्या दिवशी मी चिंच भिजवली, पितळ घासायला. डबा मागायला गेले.

"राहू दे," आय म्हणाली.

"काळं पडलं असेल टोक."

"मी नाही बसवणार."

मी खाली बसले. "आय, लाकडाचा आहे तो."

"ठाऊक आहे मला कशाचा आहे ते." तिने आपले दोन्ही हात पुढे धरले. "या हातांनी पोटरीतून काढला. आता याच हातांनी पोटरीत घालू? कुणाचं का पोर असेना."

"मग बाण दुसऱ्या घरी जाईल."

"नाही देणार."

"रिवाजच तसा आहे ना."

तिने डबा उघडला. बाण कापसावर होता. टोकाच्या पितळेला हळद लागलेली होती, वाळून तपकिरी झालेली, लाकूड जिथे पितळेत शिरतं तिथे साचलेली. तेव्हा कुठे मला कळलं. दिराच्या अंगाला लागलेली ती शेवटची वस्तू होती आमच्या घरात. त्याचे कपडे आम्ही वाटून टाकले होते. तिला तो बाण कुणाच्या अंगात खुपसायचाही नव्हता आणि हातातून सोडायचाही नव्हता. आणि रिवाजाला तिसरा रस्ता ठाऊक नव्हता.

ही बातमी माझ्याकडून बाहेर गेली नाही, शपथ. पण आमच्या आळीत भिंतींना कान नसतात, अख्खं डोकं असतं. दुसऱ्याच दिवशी नळावर समोरची काकू भेटली. ही काकू आठव्या घरची. आठव्या घराकडे बाण नाही, आणि लग्न होऊन आल्यापासून ती एखादं भोक रिकामं होण्याची वाट बघत होती.

"काय गं, बाण घासला का तुझ्या सासूने?"

"घासेल की."

"नाही, म्हटलं, चिंच संपली असेल तर आमच्याकडे आहे. झाडच आहे दारात."

"झाड तुझ्याकडेच ठेव, काकू. सावली पडते तुझ्या तोंडावर, बरी दिसतेस."

ती कळशी कमरेवर मारून निघून गेली. मग संध्याकाळी आळीतले दोन म्हातारे पडवीत येऊन बसले. त्यांनी केळीच्या भावाची चौकशी केली, पंपाचं कौतुक केलं, आणि उठताना म्हणाले, एकही भोक रिकामं ठेवून मिरवणूक निघणार नाही. बाण बसवायचा, नाहीतर द्यायचा. त्यांचंही चूक नव्हतं. त्यांनी लहानपणी देवीने घरं रिकामी झालेली पाहिली होती.

मी फादरांना गाठलं. ते घरी आले. पावाचा तुकडा मोडत आयला म्हणाले, "बाई, हा आळीचा रिवाज आहे, धर्माचा नियम नाही. नाही बसवलात तरी देव रागावणार नाही."

"देवाचं कोण बोलतंय, फादर?" आय म्हणाली. "मी माझं बोलते."

फादरांनी पाव खाल्ला नाही. उठताना तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

मग मी माझं हत्यार काढलं. दुसरं येतं काय मला? नोव्हेनाच्या सातव्या की आठव्या दुपारी आम्ही दोघी पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो. मी म्हटलं, "आय, एक गोष्ट आळीत कुणाला ठाऊक नाही. शिपाई बाणांनी मेलाच नाही."

तिचे हात थांबले.

ही गोष्ट मी बनवलेली नाही. ग्रंथात आहे. बाण मारून शिपाई मेला असं समजून सगळे निघून गेले. मग एक विधवा बाई आली, त्याला पुरायला न्यावं म्हणून. बघते तर श्वास चालू. तिने त्याला घरी नेलं आणि अंगातला एकेक बाण काढला. मी सांगत गेले. कढत पाणी आलं, मऊ जुनेराच्या पट्ट्या आल्या, खोबरेल आलं, रोममध्ये खोबरेल कुठून आलं ते विचारू नका. पोटरीचा बाण तिने सगळ्यात शेवटी काढला असंही मी म्हटलं. आणि शिपाई बरा झाला, उठून बसला, पेज प्यायला.

मला वाटलं होतं, हे ऐकून तिला बरं वाटेल. बाण काढणारी पण एक होती, एवढंच मला सांगायचं होतं.

आयने हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, "तिचा वाचला."

पडवीत ऊन होतं. कोंबड्या शेंगांच्या सालात टोचत होत्या. इतक्या वर्षांत गोष्ट सांगून मी माणसं हसवली, रडवली, झोपवली. तोंडातून निघालेली गोष्ट परत गिळावी असं त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं.

"पुढे?" आयने विचारलं.

"पुढे... तो बरा झाल्यावर पळून नाही गेला. परत राजासमोर जाऊन उभा राहिला. मग राजाने त्याला सोट्यांनी मारून टाकलं."

"त्या दिवशी ती बाई कुठे होती?"

"ग्रंथात नाही, आय."

"कुणी विचारलंच नाही तिला."

"नाही."

"आणि बाण? काढलेले बाण तिने ठेवले कुठे?"

"तेही नाही लिहिलेलं."

"ठेवले असतील," आय म्हणाली. "टाकवत नाहीत." आणि परत शेंगा सोलायला लागली.

शेवटच्या संध्याकाळी ती स्वतःहून उठली. धुतलेलं लाल लुगडं नेसली, डबा पदराखाली घेतला. मी आणि माझा नवरा मागे. मला काही सांगितलं नव्हतं, आणि मी पहिल्यांदाच आयुष्यात काही विचारलं नाही.

चॅपेल माणसांनी भरलेलं. शिपायाला अंघोळ घालून चौरंगावर उभा केलेला, त्याच्या अंगाला तेलाचा वास. सहा घरच्या सहा बायका एकेक करून पुढे गेल्या. खांदा, बरगडी, मांडी. छातीचा बाण नेहमीप्रमाणे शेवटून दुसरा, जरा मिजाशीत. मग आयची पाळी आली. आठव्या घरची काकू पुढे सरकून अगदी कठड्याशी उभी होती, बाण घ्यायला हात पुसून.

आय शिपायासमोर गुडघ्यांवर बसली. डबा उघडला. बाण काढून मांडीवर ठेवला. मग कमरेला खोचलेलं जुनेर काढलं, दिव्याच्या तेलात बुडवलं आणि शिपायाच्या डाव्या पोटरीचं भोक आतून पुसायला लागली. किती वर्षांची धूळ होती त्यात कोण जाणे. तीन वेळा जुनेराची घडी बदलली. मग कनवटीच्या पुडीतली हळद काढली आणि अंगठ्याने भोकात दाबली. अगदी तशीच, त्या दिवशी विहिरीवर दाबली होती तशी. मग बाण उचलला, दोन्ही हातांत छातीशी धरला, आणि उठून उभी राहिली.

"बसव बाई," दोघा म्हाताऱ्यांपैकी एक हळूच म्हणाले. "बाहेर बँड थांबलाय."

आय काहीतरी बोलली. ओठ हलले.

"काय म्हणाली?" मागून कुणी विचारलं.

ती परत बोलली. परत कुणाला ऐकू गेलं नाही. चॅपेलात कुजबुज सुरू झाली. मी पुढे व्हायला पाऊल उचललं. तेवढ्यात समोरची काकू वळली आणि अख्ख्या चॅपेलाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "ती म्हणते, हा काढलेला बाण आहे! काढलेला परत घालत नाहीत! बहिरे झालात काय सगळे?"

दोघे म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले.

"आणि भोक रिकामं कुठाय?" काकूचा आवाज फाटला. "हळद भरलीय त्यात. बघा की डोळे असतील तर. उचला शिपायाला!"

माझा नवरा पुढे झाला आणि पुढच्या डाव्या खांद्याशी उभा राहिला. तो धाकट्यापेक्षा बुटका. शिपाई उचलला तेव्हा त्या बाजूने जरा खाली झुकला. आळी बघत होती की कुणी काही बोलतं का. मग ते म्हातारे बाजूला सरले. बँड वाजायला लागला आणि मिरवणूक वाड्यांमधून निघाली, केळीच्या पानांखालून, मेणबत्त्या हाताच्या आडोशाने सांभाळत. शिपायाच्या मागे आय चालत होती, बाण हातात धरून, आणि काकूने तिचा दंड धरला होता. काकूने वाटभर एक अक्षर काढलं नाही. हा तिच्या आयुष्यातला विक्रम असावा.

त्या वर्षी आळीत पटकी आली नाही, देवी आली नाही. पुढच्या वर्षीही आय तशीच शिपायाच्या मागून चालली. तिसऱ्या वर्षी कुणी विचारेनासं झालं. आता तोच रिवाज आहे. सहा बाण शिपायाच्या अंगात, सातवा त्याच्या मागे. पाहुणे विचारतात, हा एक बाहेर का? मुंबईच्या पाहुण्याला मी सांगते, सातवा बाण राजाचाच नेम चुकून झाडाला लागला होता. शेजारगावच्याला सांगते, मुशीने गिळला होता, नंतर जाळ्यात सापडला. एका शहाण्याला मी सांगितलं की हा शिपायाने स्वतः उपटून परत राजाला मारायला ठेवला होता. त्याने मान डोलावली.

आय जाऊन आता बरीच वर्षं झाली. घरात मोठी बाई मीच. डबा माझ्याकडे आहे. दर जानेवारीत नोव्हेनाच्या पहिल्या दिवशी मी चिंच भिजवते आणि पितळ घासते, टोकापासून वर, लखलखीत होईपर्यंत. लाकडाशी जिथे तपकिरी डाग आहे, तिथे मात्र चिंच लागू देत नाही. तेवढ्या जागेवर अंगठा ठेवून बाकीचं घासते.